टॉप मॉडेल घ्यावं की एक पायरी खालचं? व्हेरिअंट आणि इनबिल्ट नेव्हिगेशनचा मुंबईपुरता हिशोब

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. राहायला बोरिवली पूर्व, ऑफिस बीकेसीला. गाडी जास्त चालवणार बायको; तिची शाळा ठाण्याला, म्हणजे रोजचा घोडबंदर रोड. आई-वडील सोबत असतात, गणपती-शिमग्याला आणि अधूनमधून चिपळूण. चार मीटरच्या आतली पेट्रोल ऑटोमॅटिक एसयूव्ही ठरली आहे, घोडं अडलंय व्हेरिअंटवर. टॉपच्या एक पायरी खालच्या गाडीची एक्स-शोरूम किंमत ९ लाख ८५ हजार, टॉपची ११ लाख ७५ हजार. टॉपमध्ये जास्तीचं काय, तर इनबिल्ट नेव्हिगेशन, मोठा स्क्रीन, सनरूफ, ३६० अंशांचा कॅमेरा आणि मोठे अलॉय. सेल्समन म्हणतो, "इनबिल्टला नेट लागत नाही साहेब, बोगद्यातही चालतं." वडील म्हणतात, एकदाच घेतोय तर फुल लोडेड घे.

मी शोरूममध्ये बरीच वर्षं काढली. आधी विक्रीला होतो, नंतर गाडी ग्राहकाच्या हातात देण्याआधीची तपासणी करायचो, जिला आमच्यात पीडीआय म्हणतात. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंचं बोलणं पाठ आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: खालचं घ्या, आणि इनबिल्ट नेव्हिगेशनसाठी एक रुपया जास्त मोजू नका. याला अपवाद एकच आहे, तो गिअरबॉक्सचा, त्याकडे येतो.

आधी पैशांचं बघू, कारण ब्रोशरमधला १ लाख ९० हजारांचा फरक गाडी घरी येईपर्यंत तेवढाच राहत नाही. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स आहे, त्यापुढे २० लाखांपर्यंत १२ टक्के. इथे गोम अशी, की १२ टक्के फक्त १० लाखांच्या वरच्या रकमेला लागत नाहीत, पूर्ण किमतीला लागतात. म्हणजे खालच्या गाडीचा टॅक्स १ लाख ८ हजार ३५० आणि टॉपचा १ लाख ४१ हजार. साडेबत्तीस हजार इथेच वाढले. गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, एक्स-शोरूमवरून निघते, त्यामुळे विम्याचा हप्ताही चढतो. १० लाखांच्या वर गेलात की १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच कापला जाणारा आयकर, भरावा लागतो. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण आज खिशातून जातोच. टीसीएस सोडला तरी फरक २ लाख ३० हजारांच्या आसपास पोचतो. एवढीच रक्कम कर्जात वाढवलीत, तर ९ टक्के दराने पाच वर्षांसाठी महिन्याला पावणेपाच हजार, एकूण जवळजवळ २ लाख ८६ हजार. सेल्समन तुम्हाला "ईएमआयमध्ये फक्त पावणेपाच हजारांचा फरक" असं सांगेल. मीही सांगायचो. आम्हाला तसंच शिकवलेलं असतं.

पाच-सहा वर्षांनी गाडी विकताना यातलं फारसं परत येत नाही. जुनी गाडी घेणारा साल विचारतो, किलोमीटर विचारतो, कितवा मालक आणि सर्व्हिस कुठे केली ते विचारतो. सनरूफ असेल तर त्याला बरं वाटतं. सहा वर्षांपूर्वीचं नेव्हिगेशन मात्र त्याच्या लेखी शून्य.

एक आडवळणाची गोष्ट. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेव्हापासून "चार मीटरच्या आतली म्हणजे १८ टक्के" असं लोक धरून चालतात. पेट्रोलला लांबीबरोबर इंजिन १२०० सीसीच्या आत असण्याचीही अट आहे. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन असेल तर गाडी चार मीटरच्या आत असूनही ४० टक्क्यांत जाते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या किमती शेजारी ठेवून "ही एवढी महाग का" असा प्रश्न पडला, तर आधी इंजिन बघा.

आता तो अपवाद. खालच्या व्हेरिअंटमधलं "ऑटोमॅटिक" नेमकं कुठलं आहे? एकाच मॉडेलमध्ये दोन वेगळे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असू शकतात आणि ब्रोशरमध्ये दोन्हींपुढे एटीच्या जवळपासची अक्षरं असतात. टाटा नेक्सॉनमध्ये एएमटीही मिळतो आणि डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिकही. मारुती फ्रॉन्क्सच्या १.२ लिटरला एएमटी आहे, टर्बो इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मोटर करते. स्वस्त असतो, मायलेज चांगला देतो, पण घोडबंदरवरच्या गायमुखच्या चढावर, पुढे कंटेनर रखडलेला असताना, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जे मान हलवणारे झटके देतो ते रोज सकाळी सोसायचे आहेत का, हे बायकोलाच ठरवू द्या. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा) अशा गर्दीत मऊ चालतात. डीसीटी वेगात मस्त, पण तासभर सरकत-थांबत चाललं की त्याचा क्लच तापायची शक्यता असते. टेस्ट ड्राइव्ह मागताना शोरूमच्या पुढच्या रिकाम्या रस्त्यावर फेरी मारून परत येऊ नका. संध्याकाळी सातची वेळ घ्या आणि गाडी एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर, गर्दीत न्या. खालच्या व्हेरिअंटमध्ये एएमटी आणि वरच्यात चांगला गिअरबॉक्स असेल आणि बायकोला तो फरक जाणवला, तर सव्वादोन लाख तिथे घाला, मी अडवणार नाही. दोन्हींत गिअरबॉक्स एकच असेल तर हा विषय संपला.

आणि टेस्ट ड्राइव्हची गाडी जवळपास नेहमी टॉपची असते हे ध्यानात ठेवा. तुम्ही बसता लेदरेटच्या सीटवर, बघता मोठा स्क्रीन, आणि मग खालचं व्हेरिअंट कागदावर वाचता. ते गरीब वाटणारच. जे घ्यायचंय तेच व्हेरिअंट एकदा प्रत्यक्ष दाखवा म्हणून सांगा. स्टॉकयार्ड शहराबाहेर असलं तरी डिलिव्हरीसाठी आलेली कुणाची तरी गाडी शोरूमच्या मागे उभी असतेच, दहा मिनिटं बसायला कोणी नाही म्हणत नाही.

व्हेरिअंट निवडताना मी एकच चाळणी लावतो: नंतर बाहेरून बसवता येणार नाही ते कंपनीतून आलेलं हवं. एअरबॅग, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, मागच्या मधल्या सीटचा तीन बिंदूंचा पट्टा आणि हेडरेस्ट, ड्रायव्हर सीटची उंची कमी-जास्त करायची सोय, मागे एसीचे झरोके. सहा एअरबॅग सक्तीच्या करायचं सरकारने आधी जाहीर केलं, मग पुढे ढकललं, आणि सक्ती काही झाली नाही. तरी बऱ्याच कंपन्या आता त्या सगळ्या व्हेरिअंटमध्ये देतात. तुमच्या मॉडेलमध्ये त्या फक्त टॉपला असतील, तर व्हेरिअंट नाही, मॉडेल बदला. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनसीएपीच्या, म्हणजे अपघातात गाडी किती सुरक्षित ते बघणाऱ्या चाचण्या सुरू आहेत. त्यातले तारे बघताना चाचणीच्या गाडीत काय काय बसवलेलं होतं तेही वाचा. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा लावायची सक्ती मुंबई पोलिसांनी नोव्हेंबर २०२२ पासून सुरू केली. तुमच्या घरात मागे आई-वडील आणि मध्ये नातवंड अशी रचना होणार, म्हणून मधला पट्टा कमरेपुरता आहे की खांद्यावरून येणारा, हे बोटाने ओढून बघा.

यानंतर येतो मागच्या काचेचा वायपर आणि काचेवरची वाफ घालवणारा डिफॉगर. मुंबईच्या पावसासाठी मला विचाराल तर स्क्रीनच्या दहापट महत्त्वाचा. एसयूव्हीची मागची काच उभी असते. जुलैत घोडबंदरला ट्रकच्या मागे पाच मिनिटं चाललात की ती चिखलाने माखते आणि आतला आरसा निकामी होतो. कंपन्या नेमकं हेच दोन-तीन हजारांचं सामान खालच्या व्हेरिअंटमधून काढून घेतात, कारण ब्रोशरवर ते कुणी वाचत नाही. तुमच्या ९.८५ च्या गाडीत ते आहे का, बघा. तसेच बटणाने मिटणारे आरसे. बोरिवलीच्या जुन्या सोसायट्यांची फाटकं, टेम्पो आणि रिक्षा दोन्ही बाजूंना लावलेली गल्ली, आणि तुमच्याकडे पझल पार्किंग असेल तर त्या लोखंडी पाट्याची रुंदी, सगळीकडे ते लागतात. पझल किंवा स्टॅक पार्किंग असलं तर सोसायटीच्या ऑफिसात जाऊन त्या पार्किंगची उंची आणि वजनाची मर्यादा लिहून आणा आणि गाडीची उंची रूफ रेल व छतावरच्या अँटेनासकट मोजा. नवी कोरी एसयूव्ही रस्त्यावर उभी करणारी घरं मी पाहिली आहेत.

टॉपमधल्या बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. सनरूफच्या चौकटीतलं पाणी चार कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून खाली जातं. झाडाखाली गाडी उभी राहत असेल तर पानं-धुळीने त्या तुंबतात आणि पाणी छताच्या कापडावर किंवा पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरतं. नळ्या दरवर्षी मेमध्ये साफ करून घेणार असाल तर हरकत नाही. मुलं त्यातून डोकं बाहेर काढणार असतील तर मात्र घेऊच नका. मोठे अलॉय म्हणजे टायरची भिंत कमी उंचीची, आणि आपल्याकडचे खड्डे व उखडलेले पेव्हर ब्लॉक बघता ते नुकसानीचंच काम. त्यातून स्पेअर चाक बहुतेक वेळा लहान, स्टीलचं असतं. ३६० अंशांचा कॅमेरा खांबांच्या पार्किंगमध्ये कामाचा आहे, नाकारत नाही. मागचे सेन्सर मात्र जुलै २०१९ पासून प्रत्येक गाडीला सक्तीचे आहेत आणि मागचा कॅमेरा तुमच्या खालच्या व्हेरिअंटमध्ये असेलच. महिनाभरात हात बसतो.

आता नेव्हिगेशन. सेल्समन खोटं बोलत नाहीये. नेटशिवाय चालतं, बोगद्यात चालतं, दोन्ही खरं आहे. पण नेव्हिगेशनमध्ये दोन वेगळी कामं असतात. गाडी या क्षणी कुठे आहे ते ओळखणं हे एक, आणि पुढचा रस्ता आज कसा आहे ते माहीत असणं हे दुसरं. पहिल्यात गाडी फोनपेक्षा हुशार आहे. दुसऱ्यात फोन गाडीच्या फार पुढे आहे. मुंबईत आपलं अडतं ते दुसऱ्यावर.

पहिलं काम कसं होतं ते सांगतो. कारखान्यातून आलेल्या नेव्हिगेशनला छतावरची अँटेना असते, शिवाय चाकांच्या वेगाचे आणि गाडी वळल्याचे सेन्सर त्याला जोडलेले असतात. उपग्रहाचा सिग्नल गेला तरी चाक किती फिरलं आणि गाडी कुठल्या अंगाला वळली यावरून ते जागा काढत राहतं. कोस्टल रोडच्या गिरगाव चौपाटी ते प्रियदर्शनी पार्क या दोन किलोमीटरच्या बोगद्यात फोनला उपग्रह दिसत नाही, तो अंदाजाने बाण पुढे सरकवतो. उत्तरेच्या तोंडाने बाहेर पडलात की थोड्याच अंतरात अमरसन्स, हाजीअली अशा फाट्यांची पाळी येते, आणि फोनला स्वतःची जागा सापडायला कधी कधी काही सेकंद लागतात. तिथे इनबिल्ट जिंकतं. समृद्धीवर इगतपुरीजवळचा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा आहे, पण आत फाटाच नाही, मग बाण कुठे का असेना. म्हणजे फायदा खरा, पण तुमच्या बोरिवली-ठाणे आणि बोरिवली-बीकेसीच्या आयुष्यात तो कधी लागणार? फोन अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेने जोडला आणि गाडी तशी सोय देत असेल, तर गाडीच्या अँटेनाची आणि वेगाची माहिती फोनही वापरतो. म्हणजे त्यातला काही भाग खालच्या व्हेरिअंटमध्येही पदरात पडू शकतो.

वरचा रस्ता की खालचा, या बाबतीत दोघांचीही फजिती होते. जेजे उड्डाणपूल आणि त्याखालचा मोहम्मद अली रोड, ईस्टर्न फ्रीवे आणि त्याखालचा पी. डिमेलो रोड, सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडचा दुमजली तुकडा: उपग्रहाच्या सिग्नलवरून काढलेली जागा वरच्या आणि खालच्या रस्त्यावर एकच येते, आणि उंचीचा अंदाज उंच इमारतींच्या शहरात भरवशाचा नसतो. गूगल मॅप्सने जुलै २०२४ पासून भारतात पुढे उड्डाणपूल आहे, तो घ्यायचा की नाही, हे सांगायला सुरुवात केली. त्याने बरंच सुसह्य झालं. तरीही जुलै २०२५ मध्ये बेलापूरला रात्री एक गाडी खाडीत गेल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. पुलावरून जायचं होतं, फोनवरचा नकाशा बघत गाडी पुलाखालच्या रस्त्याला लागली, आणि तो रस्ता जेट्टीशी संपत होता. गाडी चालवणाऱ्या बाई वाचल्या. बायकोला एवढं नक्की सांगा, की अनोळखी भागात रात्री रस्ता अरुंद आणि सुनसान होत गेला तर स्क्रीन काहीही म्हणो, गाडी थांबवून विचारायचं.

दुसऱ्या कामाकडे येऊ. गेल्या काही वर्षांत या शहरातले रस्ते किती वेळा उलटेपालटे झाले ते आठवा. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू उघडली आणि मे २०२५ मध्ये दुसरी. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. कोस्टल रोड मार्च २०२४ पासून तुकड्या-तुकड्याने उघडत गेला. सायनचा रेल्वेवरचा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाला. एल्फिन्स्टनचा पूल शिवडी-वरळी उन्नत मार्गासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद करून पाडायला घेतला. त्यात मेट्रोचे बॅरिकेड, विसर्जनाच्या दिवसातले बदललेले एकेरी मार्ग, पावसात बंद होणारा अंधेरी सबवे आणि मिलन सबवे. गाडीत साठवलेला नकाशा आधी तयार होतो, तपासला जातो, कारखान्यात भरला जातो, मग गाडी काही आठवडे स्टॉकमध्ये उभी राहते. तो तुमच्या हातात येतो तेव्हाच शिळा झालेला असतो. पुढे अपडेट येतात, काही गाड्यांना आतल्या सिमवरून आपोआप, काहींना पेनड्राइव्हने, काहींना सर्व्हिस सेंटरला सांगावं लागतं आणि तिथला मुलगा म्हणतो, "कंपनीकडून आलं की करतो." गाडीला नेटशी जोडणारी सेवा पहिली काही वर्षं फुकट असते, मग वार्षिक वर्गणी. ती किती, आणि वर्गणी बंद केली तर नकाशाचं काय होतं, हे विचारलंत तर दहातले नऊ सेल्समन आत जाऊन विचारून येतील.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांमधला नकाशा मॅपमायइंडियाचा असतो. ही कंपनी १९९५ पासून हेच काम करते आणि त्यांचं काम वाईट नाही. चौकातली लेन चित्राने दाखवणं, गतिरोधकाची आणि वेगमर्यादेची सूचना देणं, या बाबतींत मला त्यांचं मॅपल्स अ‍ॅप आवडतं. पण ते फोनवरही मिळतं, आणि फोनवर ते गाडीतल्यापेक्षा ताजं असतं. गूगलची ताकद वेगळी. सायनजवळ अडकलेल्या हजार गाड्यांतले फोन तेवढ्याच वेळी त्याला सांगत असतात की इथे कोणी हलत नाहीये. गाडीतल्या यंत्रणेकडे इतके खबरे नसतात.

टेस्ट ड्राइव्हला टॉपचीच गाडी येणार आहे, तर माझं ऐकू नका, स्वतः तपासा. सेटिंगमध्ये जाऊन नकाशाची आवृत्ती कुठल्या महिन्याची ते वाचा. मग इनबिल्टला परळहून प्रभादेवी स्टेशनच्या पश्चिमेला जायचा मार्ग विचारा. एल्फिन्स्टन पुलावरून नेत असेल तर काय ते कळलं. वांद्र्याहून मरीन ड्राइव्ह विचारा. सी लिंकवरून थेट कोस्टल रोडला जातो, की वरळीला उतरवून अ‍ॅनी बेझंट रोडच्या सिग्नलांत सोडतो? शिवडीहून उलवे विचारून अटल सेतू दिसतो का बघा. शेवटी चिपळूणचा बहादूरशेख नाका नाव टाकून शोधा, आणि बोलून शोधायची सोय असेल तर मराठीत बोलून बघा. हेच चारही प्रश्न शेजारी धरलेल्या फोनला विचारा. गाडीचं यंत्र यात पास झालं तर तो सेल्समन खूश होईल, आणि तुम्हाला निदान चांगली यंत्रणा सोडतोय एवढं कळेल. तरीही सव्वादोन लाख द्यावेत असं मला वाटत नाही.

म्हणून खालच्या व्हेरिअंटमध्ये नेव्हिगेशन नसलं तरी चालेल, अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले मात्र हवंच. ऑक्टोबर २०२० पासून नियमाने रस्ता बघण्यापुरता फोन वापरायला मुभा आहे, पण लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. मांडीवर ठेवलेला किंवा हातात धरलेला फोन त्यात बसत नाही. स्क्रीनवर नकाशा आला की तो प्रश्न मिटतो. स्क्रीन मोठा म्हणजे चांगला असंही नाही. ह्युंदाई आणि कियाच्या काही मॉडेल्समध्ये कित्येक वर्षं अशी गंमत होती, की आठ इंचांच्या लहान स्क्रीनला फोन वायरशिवाय जोडता यायचा आणि सव्वादहा इंचांच्या, इनबिल्ट नेव्हिगेशनवाल्या महागड्या स्क्रीनला वायर लागायची. ब्रोशरमध्ये दोन्हींपुढे नुसती टिकमार्क. तेव्हा स्वतःचा फोन घेऊन जा, तिथेच जोडून बघा. बायकोचाही जोडा, कारण दोन फोन असले की पहिला सोडून दुसरा पकडायला काही गाड्या रोज नखरे करतात.

वायरलेस असलं तरी डॅशबोर्डमध्ये एक चांगली केबल ठेवाच. मे महिन्यात काचेखालच्या चार्जिंग पॅडवर ठेवलेला फोन एकाच वेळी चार्ज होतो, नकाशा चालवतो आणि वायरलेसने स्क्रीनला पाठवतो; तो तापतो आणि नेमक्या वळणावर मंदावतो. केबलने हे बरंचसं टळतं.

कोकणासाठी वेगळी तयारी लागते. कशेडी-परशुराम पट्ट्यात आणि कुंभार्लीकडे वळलात तर तिथेही नेट जातं-येतं, तेव्हा घरच्या वाय-फायवर रायगड-रत्नागिरीचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. नेट नसतानाही रस्ता सांगतो, फक्त ट्रॅफिक कळत नाही. "इनबिल्टला नेट लागत नाही" या मुद्द्याचं उत्तर एवढंच आहे आणि ते फुकट आहे. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर कोंडी लाल दिसायला लागली की फोन वाकण-पाली-खोपोली किंवा त्याहून आतले रस्ते सुचवतो. पालीचा रस्ता ठीक. त्याच्या आतले, दोन मिनिटं वाचवणारे गावरस्ते रात्री पावसात घेऊ नका, समोरून एसटी आली की मागे घ्यायला जागा नसते.

वाचलेल्या पैशांतून दोन खर्च करा. विम्यात इंजिन प्रोटेक्टचं कलम घ्या. साध्या पॉलिसीत, पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला गेल्यामुळे पाणी आत जाऊन इंजिन गेलं तर दावा सहसा नाकारला जातो, आणि मुंबईत पाणी भरणं ही दरवर्षीची गोष्ट आहे. दुसरं, पुढे-मागे बघणारा चांगला डॅशकॅम. तो बसवताना वायर कापू देऊ नका. फ्यूजच्या जागी बसणारा जोड वापरायला सांगा, नाहीतर इलेक्ट्रिकलच्या वॉरंटीवर शोरूम बोट ठेवतं. ऑपेरा हाऊसच्या दुकानांत हे काम शोरूमपेक्षा स्वस्तात होतं, पण तिथेही हीच अट घाला.

वडिलांना कसं समजवायचं हा तुमचा घरचा मामला. एक सवलत त्यांच्या बाजूने सांगतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शोरूमला जुन्या सालाचा स्टॉक संपवायचा असतो आणि अडकलेल्या बहुधा टॉपच्याच गाड्या असतात. तेव्हा टॉपचा प्रत्यक्ष फरक लाखाच्या आत आला, आणि तुम्ही गाडी आठ-दहा वर्षं वापरणार असाल, तर विचार करायला हरकत नाही. फक्त आरसीवर उत्पादनाचा महिना-साल छापून येतं आणि दोन वर्षांत विकायची झाली तर त्याची किंमत मोजावी लागते.

बुकिंगच्या फॉर्मवर व्हेरिअंटचं पूर्ण नाव लिहून घ्या, शेवटच्या कंसातल्या अक्षरासकट. एकाच नावापुढे ओ किंवा प्लस लागलं की गाडी बदलते. त्याखाली गिअरबॉक्सचा प्रकार, रंग, उत्पादनाचा महिना आणि ऑन-रोड किमतीची फोड मागा. त्यात "हँडलिंग" किंवा "लॉजिस्टिक" नावाची रक्कम दिसली तर ती काढायला लावा, ती द्यायला तुम्ही बांधील नाही. मॅट, मडफ्लॅप आणि परफ्यूमचं "एसेन्शिअल किट"ही ऐच्छिक असतं. विमा शोरूमचाच घ्यावा अशी सक्ती नसते. बाहेरचं कोटेशन हातात घेऊन गेलात की तिथला आकडा आपोआप खाली येतो. पूर्ण पैसे भरण्याआधी तुमच्या नावावर लावलेल्या गाडीचा चॅसी नंबर मागा आणि ती गाडी दिवसाउजेडी बघा, मागच्या वायपरवर पाणी मारून.